वॉल्ट डिस्ने वर्ल्ड, फ्लोरिडा: फिरायचं कसं आणि खास काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिस्ने वर्ल्डसाठी आम्ही ऑर्लँडोला तीनदा जाऊन आलो. पहिल्यांदा दोघंच, मग चार वर्षांच्या मुलीला घेऊन, आणि शेवटच्या खेपेला सोबत आई-बाबाही होते. तेव्हापासून ओळखीतलं कुणी निघालं की फोन येतो. विचारणारे बहुतेक जण राइड्सची यादी करून तयार असतात, पण दिवस खरा खर्च होतो तो ये-जा करण्यात. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते: आधी कुठून कुठे कसं जायचं ते कागदावर मांडा, मग रोजची एकच खास गोष्ट ठरवा, आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवा.

चारही पार्क एकमेकांना लागून आहेत का? चालत जाता येतं का?

नाही, आणि बहुतेकांचा पहिला गैरसमज इथेच होतो. डिस्ने वर्ल्डचा परिसर सुमारे २५ हजार एकरांचा, म्हणजे साधारण १०० चौरस किलोमीटरचा आहे. मॅजिक किंगडम (१९७१), एपकॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९) आणि अ‍ॅनिमल किंगडम (१९९८) ही चार पार्क, दोन वॉटर पार्क, वीसहून अधिक हॉटेलं आणि डिस्ने स्प्रिंग्ज नावाचा बाजारपेठेचा भाग, हे सगळं त्यात विखुरलेलं आहे. मधे जंगल, तळी आणि मोठे रस्ते. चालत जाण्याजोगी जोडी एकच, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज. कालव्याकाठची ती वाट अर्ध्या तासाची आहे आणि संध्याकाळी फार छान वाटते. दुपारी दोनच्या उन्हात मात्र तिच्या नादी लागू नका.

विमानतळावरून न्यायला डिस्नेची मोफत बस येते ना?

यायची, आता येत नाही. ती सेवा २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. जुने लेख वाचून आजही लोक त्या बसच्या भरवशावर राहतात. विमानतळ सुमारे ३० किलोमीटरवर आहे. पैसे भरून शटल बस, टॅक्सी किंवा उबर-लिफ्टची अ‍ॅपवरची गाडी मिळते. चौघं असाल तर टॅक्सी आणि शटल यांच्या भाड्यात फारसा फरक उरत नाही, आणि लांबच्या प्रवासानंतर थेट हॉटेलच्या दारात उतरण्याचं सुख वेगळंच. लहान मूल असेल तर गाडीतल्या चाइल्ड सीटची सोय आधीच करा. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना ती लागते.

गाडी भाड्याने घ्यावी का?

डिस्नेच्या हॉटेलात राहणार असाल आणि बाहेर कुठे जायचं नसेल तर गरज नाही. बस, मोनोरेल, होड्या, स्कायलायनर नावाचा रोपवे, सगळं फुकट आहे. बाहेरच्या हॉटेलात उतरणार असाल किंवा केनेडी स्पेस सेंटर, समुद्रकिनारा असं काही डोक्यात असेल तर जरूर घ्या. पार्कच्या पार्किंगचे पैसे बाहेरच्या पाहुण्यांना भरावे लागतात, पण एकदा भरले की त्या दिवशी चारही पार्कांना चालतात. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्कचं पार्किंग मोफत असतं, आणि जानेवारी २०२३ पासून हॉटेलातलंही रात्रभराचं.

एका पार्कमधून दुसऱ्यात कसं जायचं?

मॅजिक किंगडम ते एपकॉट मोनोरेलने, मधे एकदा बदलून. एपकॉट ते हॉलिवूड स्टुडिओज स्कायलायनर, होडी किंवा चालत. अ‍ॅनिमल किंगडमला मात्र ना मोनोरेल ना होडी, फक्त बस. म्हणून अ‍ॅनिमल किंगडमच्या दिवशी सकाळी तिथेच जा. प्राणीही सकाळीच हिंडताना दिसतात.

एका दिवसात दोन पार्क करायचे तर तिकिटावर ‘पार्क हॉपर’ लागतो. पूर्वी दुपारी दोननंतरच दुसऱ्या पार्कमध्ये सोडायचे, ती अट जानेवारी २०२४ मध्ये गेली. तरीही पहिल्याच खेपेला जाणाऱ्यांना मी हॉपर घेऊ नका असंच सांगते. एका पार्कातून बाहेर पडणं, बसची वाट पाहणं, पुन्हा सुरक्षा तपासणी, यात तास-सव्वा तास सहज जातो.

मॅजिक किंगडमला पोचायला एवढा वेळ का लागतो?

कारण गाडीने गेलात तर तुम्ही मॅजिक किंगडमला पोचतच नाही. पोचता ते ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटरला, म्हणजे टीटीसीला, आणि हे ठिकाण सेव्हन सीज लगून नावाच्या तळ्याच्या अलीकडे आहे. पार्क पलीकडच्या काठावर. तिथून मोनोरेल किंवा फेरीबोट घ्यायची. उबरही टीटीसीलाच सोडते. पार्किंग, तपासणी आणि तळं ओलांडणं धरून पाऊण तास हाताशी ठेवा. याउलट डिस्नेच्या हॉटेलांच्या बसेस थेट पार्कच्या दारात उतरवतात. सकाळच्या वेळी हा फरक मोठा असतो, कारण या हॉटेलांच्या पाहुण्यांना रोज प्रत्येक पार्क अर्धा तास आधी उघडतं.

मोनोरेल चांगली की फेरीबोट?

जाताना फेरीबोट! तुम्ही कठड्याला धरून उभे आहात, सकाळचं पाणी संथ आहे, आणि समोर सिंड्रेलाच्या महालाचे निळे कळस हळूहळू मोठे होताहेत. आमच्या मुलीने तो महाल पहिल्यांदा असा पाहिला. ती तोवर अखंड बडबडत होती, ती एकदम गप्प झाली आणि माझं बोट घट्ट धरून उभी राहिली. पुढे आठ तास राइड्स झाल्या, पण तिला अजून आठवतं ते हेच.

मोनोरेलची मजा वेगळी. ती १९७१ पासून धावते आणि कंटेम्पररी नावाच्या हॉटेलच्या इमारतीच्या पोटातून आरपार जाते. खाली लोक जेवताहेत आणि वरून गाडी सरकते आहे, असं दृश्य आहे. एपकॉटची गाडी तर पार्कच्या आत शिरून त्या मोठ्या चंदेरी गोलाला वळसा घालते. बाबांनी फक्त बसण्यासाठी म्हणून दोन फेऱ्या जास्त मारल्या. हॉटेलांपाशी थांबत जाणारी मोनोरेल आणि थेट जाणारी मोनोरेल अशा दोन वेगळ्या रांगा असतात, फलक बघून उभे राहा.

स्कायलायनरमध्ये भीती वाटेल का?

स्कायलायनर म्हणजे रोपवे. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. कॅरिबियन बीच हॉटेलपाशी त्याचं जंक्शन आहे आणि तिथून हॉलिवूड स्टुडिओज, एपकॉट, तसंच पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन या हॉटेलांकडे फाटे जातात. एका डब्यात दहा माणसं मावतात. एसी नाही, पण चालत्या डब्यात झरोक्यांतून वारा छान खेळतो. उंचीची भीती असेल तर पाठमोरं न बसता समोर तोंड करून बसा आणि नजर लांब ठेवा. मधेच डबा मिनिटभर थांबला तर घाबरू नका. पुढच्या स्टेशनावर कुणाला चढायला वेळ लागत असतो. विजा चमकायला लागल्या की मात्र सेवा बंद होते, तेव्हा बसचा पर्याय ठाऊक असू द्या.

एपकॉटला हा रोपवे मागच्या दारी उतरवतो. तिथे वेगवेगळ्या देशांची दालनं आहेत, त्यांतल्या फ्रान्स आणि ब्रिटनच्या मधे. नकाशा समोरच्या दारापासून वाचायची सवय असेल तर पहिली दहा मिनिटं गोंधळ होतो.

दुसऱ्या हॉटेलात जेवणाचं आरक्षण आहे. किती वेळ आधी निघू?

दीड तास. एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात थेट बस नाही. आधी एखाद्या पार्कला किंवा डिस्ने स्प्रिंग्जला जायचं आणि तिथून बस बदलायची. दुसऱ्या खेपेला आम्ही हे धरलंच नव्हतं. मुलगी दमलेली, भुकेली, आणि आम्ही मधल्या थांब्यावर घड्याळ बघत उभे. आरक्षणाची वेळ तिथेच टळली. आता अशा वेळी सरळ टॅक्सी बोलावतो. दिवसाच्या शेवटी तेवढे डॉलर वाचवण्यात अर्थ नाही. डिस्ने स्प्रिंग्जहून थेट पार्कला बस मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

आई-बाबांना एवढं चालवेल का?

न लाजता व्हीलचेअर घ्या. दिवसाला दहा किलोमीटर चालणं इथे सहज होतं. एपकॉटमधल्या ११ देशांच्या दालनांची तळ्याभोवतीची प्रदक्षिणाच जवळजवळ दोन किलोमीटरची आहे. माझे बाबा घरी रोज सकाळी फिरायला जातात, त्यामुळे पहिल्या दिवशी खुर्ची नकोच म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःच म्हणाले, “आण गं ती खुर्ची.” नंतरचे तीन दिवस ते कधी बसले, कधी तीच खुर्ची ढकलत आधारासारखी धरून चालले, आणि रात्रीची आतषबाजी पाहायला ताजेतवाने उरले.

प्रत्येक पार्कच्या दाराशी खुर्च्या भाड्याने मिळतात, पण आधी आरक्षण होत नाही, लवकर येईल त्याला. बॅटरीवर चालणारी स्कूटर चालवायला वय १८ पूर्ण लागतं. बस, मोनोरेल, स्कायलायनर, सगळीकडे खुर्चीसकट चढता येतं. अ‍ॅनिमल किंगडमच्या किलिमांजारो सफारीत तर खुर्चीवरून न उठता बसता येतं. फक्त, व्हीलचेअर म्हणजे रांग चुकवण्याची सोय नव्हे. बहुतेक रांगा खुर्ची जाईल एवढ्या रुंद आहेत. ऑटिझमसारख्या कारणाने ज्यांना रांगेत थांबणं जमत नाही त्यांच्यासाठी वेगळी सेवा आहे, डीएएस नावाची. तिची नोंदणी निघण्यापूर्वी व्हिडिओ कॉलवर होते.

बाबागाडी न्यावी का?

मूल पाच-सहा वर्षांचं असलं तरी न्या. रुंदी ७९ सेंटिमीटर आणि लांबी १३२ सेंटिमीटरपर्यंत चालते. ओढायच्या वॅगनला बंदी आहे. बसमध्ये घडी करावी लागते, म्हणून एका हाताने मिटणारी असलेली बरी. गाडीला रंगीत रुमाल बांधा. राइडच्या बाहेर शेकडो गाड्या लावलेल्या असतात आणि कर्मचारी त्या नीट ओळीत लावताना हलवतात.

लाइटनिंग लेन घ्यावीच लागते का?

लाइटनिंग लेन म्हणजे राइडची पैसे भरून मिळणारी वेगळी, लहान रांग. ती घ्यावीच लागत नाही, पण मॅजिक किंगडम आणि हॉलिवूड स्टुडिओजच्या दिवशी मी घेईन. जुलै २०२४ पासूनची पद्धत अशी: ‘मल्टी पास’मध्ये आधी तीन राइड्सच्या वेळा निवडायच्या, आणि त्या दिवशी एक वापरून झाली की पुढची घ्यायची. सगळ्यात मागणी असलेल्या मोजक्या राइड्ससाठी ‘सिंगल पास’ वेगळा. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना मुक्काम सुरू होण्याच्या सात दिवस आधी, बाकीच्यांना त्या-त्या दिवसाच्या तीन दिवस आधी आरक्षण खुलं होतं, तिथल्या वेळेप्रमाणे सकाळी सातला. किंमत तारखेप्रमाणे बदलते.

पैसे वाचवायचे असतील तर दार उघडण्यापूर्वी पोचा. पहिल्या तासात जेवढं होतं तेवढं दुपारच्या तीन तासांत होत नाही. एकट्याने बसायची तयारी असेल तर एक्स्पेडिशन एव्हरेस्टसारख्या काही राइड्सना ‘सिंगल रायडर’ रांग असते, ती फुकट आणि झटपट.

मूल उंचीत बसत नाही. मग मोठ्यांनी काय करायचं?

‘रायडर स्विच’ मागा. दारावरच्या कर्मचाऱ्याला सांगायचं, एकाने मुलाजवळ थांबायचं, दुसऱ्याने राइड करून यायचं, आणि मग थांबलेल्याला रांगेशिवाय सोडतात. यासाठी पैसे नाहीत. उंचीच्या अटी कडक असतात, दारात पट्टी लावून मोजतात: सेव्हन ड्वार्फ्सच्या खाणगाडीला ९७ सेंटिमीटर, स्पेस माउंटनला ११२, ट्रॉनला १२२. मुलाची उंची घरीच बुटांसकट मोजा आणि जी राइड होणार नाही तिचं नावही त्याच्यासमोर काढू नका. रांगेच्या तोंडाशी येऊन परत फिरलेल्या मुलांचं रडणं बघवत नाही.

पैसे देऊन करायच्या खास अनुभवांपैकी कोणता खरंच मोलाचा?

आम्ही केले त्यात दोन.

पहिला एपकॉटमधला ‘बिहाइंड द सीड्स’. द लँड या दालनाच्या मागे खरीखुरी हरितगृहं आहेत, आणि तासाभराच्या या फेरीत माहीतगार माणूस तुम्हाला त्यांतून चालत नेतो. मातीशिवाय वाढणारी भाजी, मांडवावरून लोंबणारे भोपळे, आणि साच्यात घालून मिकीच्या तोंडाच्या आकारात वाढवलेल्या काकड्या. बाबा शेतकऱ्याच्या घरातले. राइड्सवर ते माझ्यासाठी येत होते, इथे ते पुढे झाले. मुळांवर फवारत असलेल्या पाण्याखाली हात धरून त्यांनी बोटं नाकाशी नेली, आणि खत कोणतं, किती वेळाने देता, असे प्रश्न विचारत राहिले. मी मधे दुभाषी. वयाची अट नाही, दरही इतर फेऱ्यांच्या मानाने कमी. पैसे द्यायचे नसतील तर त्याच इमारतीतली ‘लिव्हिंग विथ द लँड’ ही होडीची राइड याच हरितगृहांतून जाते.

दुसरा ‘वाइल्ड आफ्रिका ट्रेक’, अ‍ॅनिमल किंगडममध्ये. अंगाला सुरक्षेचे पट्टे बांधून झुलत्या पुलावरून चालायचं, खाली पाणघोडे आणि मगरी. साधारण तीन तास. वय किमान ८, आणि वजन-उंचीच्याही अटी आहेत. हा मी आणि नवऱ्याने पहिल्या खेपेला केला. पुलाच्या फळ्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवल्या आहेत; पाय टाकताना नजर आपोआप खाली जाते आणि तिथे पाणघोड्याचे कान पाण्यावर हलताना दिसतात.

इतिहासाची आवड असेल तर ‘कीज टू द किंगडम’ बघा. सुमारे पाच तासांची पायी फेरी, वय १६ च्या पुढे. तीत मॅजिक किंगडमखालचे बोगदे दाखवतात. खरं तर ते बोगदे नाहीतच. फ्लोरिडात थोडं खणलं की पाणी लागतं, म्हणून ते मार्ग जमिनीवर बांधले आणि समोरचं तळं खोदताना निघालेल्या मातीने झाकून टाकले. म्हणजे पार्कमध्ये तुम्ही चालता तो मुळात वरचा मजला आहे! आत फोटो काढू देत नाहीत. या सगळ्या फेऱ्यांना पार्कचं तिकीट वेगळं लागतं.

मुलीला राजकन्येसारखं सजवायचं आहे.

महालातल्या बिबिडी बॉबिडी बुटीकमध्ये ३ ते १२ वर्षांच्या मुलांना सजवतात. आरक्षण लवकर करा आणि वेळ सकाळची घ्या, म्हणजे दिवसभर तो थाट मिरवता येतो. पोशाख आपला नेला तर खर्च बराच आवरतो.

फुकटात खास असं काही आहे का?

भरपूर, आणि माझ्या मते त्यातलं काही पैशांच्या अनुभवांपेक्षा सरस आहे. रात्री सेव्हन सीज लगूनवर दिव्यांचे तराफे संगीतासह सरकत जातात, १९७१ पासूनची प्रथा आहे ही. पॉलिनेशियन हॉटेलच्या वाळूत बसून बघा. तिथूनच मॅजिक किंगडमची आतषबाजीही दिसते. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस किंवा पहिली भेट असेल तर गेस्ट रिलेशन्स या मदतकक्षात तसा बिल्ला मागा. आईने तो लावला आणि दिवसभर अनोळखी माणसं तिला शुभेच्छा देत होती. बिल्ला आता तिच्या देवघराशेजारच्या कपाटात आहे.

आणि अ‍ॅनिमल किंगडम लॉज. तिथे राहत नसलात तरी दुपारी बसने जा. हॉटेलच्या मागच्या गवताळ मैदानात जिराफ आणि झेब्रे चरत असतात, कठड्याला टेकून हवा तेवढा वेळ बघा.

शाकाहारी जेवणाचं काय?

अडत नाही. मेन्यूवर पानाचं चिन्ह असलेले पदार्थ पूर्ण वनस्पतिजन्य असतात. वर सांगितलेल्या लॉजच्या किडानी व्हिलेज भागात ‘सना’ नावाचं उपाहारगृह आहे, तिथे आफ्रिकी जेवणाला भारतीय चव आहे. नान आणि चटण्यांचं ताट मागवा आणि खिडकीजवळची जागा मागा. बाहेरचं खाणं पार्कमध्ये नेऊ देतात, फक्त काचेची भांडी नकोत. पिण्याचं थंड पाणी खाण्याच्या काउंटरवर मोफत मिळतं, बाटल्या विकत घेऊ नका. बसून जेवायच्या ठिकाणांचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं.

पाऊस आला तर?

उन्हाळ्यात दुपारी येतोच, विजांसकट, आणि बहुतेक वेळा तासाभरात जातो. तोवर उघड्यावरच्या राइड्स आणि वॉटर पार्क बंद ठेवतात. तो तास आतल्या कार्यक्रमांना द्या. रेनकोट घरून न्या, छत्री गर्दीत उपयोगाची नाही.

आतषबाजी संपल्यावर तीस मिनिटं रांगेत उभं राहावं लागतं. काही उपाय?

निघूच नका लगेच. मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटवर एखाद्या पायरीवर बसा, मुलांना पाणी द्या, गर्दी ओसरू द्या. दुकानं थोडा वेळ उघडी असतात. आम्ही एकदा असेच चाळीस मिनिटं बसलो. मुलगी बाबांच्या खुर्चीत त्यांच्या मांडीवर झोपली, रस्ता रिकामा झाला, झाडणारे कर्मचारी आले, आणि महालावरचे रंग बदलत राहिले. मग जवळजवळ रिकाम्या फेरीबोटीने पलीकडे आलो.